गोळी की पिठीसाखर?

गेल्या काही महिन्यांत माझ्या लॅपटॉपवर ऑफिसच्या कामाशी काहीही संबंध नसलेली एक फाइल रोज उघडली गेली. तिचं नाव 'झोप_अंतिम_३'. (अंतिम १ आणि अंतिम २ सुद्धा आहेत. आपल्या धंद्यातल्या लोकांना यात काही वेगळं सांगायला नको.) फाइलमध्ये ११७ ओळी आहेत. एक ओळ म्हणजे एक रात्र. या ११७ रात्री मी मेलाटोनिन नावाच्या हॉर्मोनच्या गोळीचा स्वतःवर काय परिणाम होतो ते मोजत होतो.

आधी पार्श्वभूमी. दोन वर्षं मी अमेरिकेतल्या एका क्लायंटच्या सपोर्टवर होतो. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. कंपनी पुण्यात, मी वर्ध्यात, आईबाबांच्या घरी, वरच्या खोलीत. मग प्रोजेक्ट दुसऱ्या टीमकडे गेलं आणि मला दिवसाची शिफ्ट मिळाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. शिफ्ट बदलली, पण शरीराला ती मेल आलीच नव्हती. रात्री साडेबाराला दिवा बंद करायचा, दीडपावणेदोनपर्यंत पंख्याकडे बघायचं, आणि सकाळी साडेनऊच्या स्टँडअपला तोंडावर पाणी मारून कॅमेरा बंद ठेवून बसायचं. एकदा टीम लीडनं माझं नाव तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा मला ऐकू आलं. नंतर त्याचा खासगी मेसेज आला, "सब ठीक है ना?" अप्रेझलच्या महिन्यात असे मेसेज फारसे काळजीपोटी येत नसतात.

गोळी सुचवली ती पुण्यातल्या माझ्या जुन्या रूममेटनं. तो स्वतः रोज घेतो. "अरे, हे औषध नाहीच, शरीरातच असतं, नॅचरल आहे," हे त्याचं म्हणणं. आता शरीरात इन्सुलिनही असतं आणि अ‍ॅड्रेनलिनही. 'नॅचरल' या शब्दावर माझा तसा विश्वास नाही. पण गोळीबद्दल वाचायला सुरुवात केली आणि चार शनिवार त्यातच गेले.

मेंदूच्या साधारण मध्यावर पिनियल नावाची तांदळाच्या दाण्याएवढी ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन रक्तात सोडते आणि डोळ्यांवर उजेड पडला की थांबते. १९५८ साली येल विद्यापीठातल्या आरन लर्नर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं. गंमत म्हणजे हा माणूस झोपेचा डॉक्टर नव्हता, त्वचेचा होता. बेडकाच्या कातडीचा रंग फिका करणारा पदार्थ तो गाईंच्या पिनियल ग्रंथींत शोधत होता. नावातलं 'मेला' तिथून आलंय, मेलॅनिनवरून. झोपेशी त्याचं नातं पुढे उलगडत गेलं. आणि ते नातंही आपण समजतो तसं सरळ नाही. उंदीर रात्री जागा असतो, धावपळ करतो, तरी त्याचंही मेलाटोनिन रात्रीच वाढतं. म्हणजे हे झोपेचं हॉर्मोन नव्हेच, अंधाराचं आहे. 'झोप' असा हुकूम ते देत नाही. 'रात्र झाली' एवढी बातमी पोचवतं. त्या बातमीचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वर्ध्याच्या माणसापुढे 'स्वतःवर प्रयोग' असं म्हटलं की एकच माणूस उभा राहतो. आमची शाळेची प्रत्येक सहल सेवाग्रामला जायची. बापूकुटी, आदिनिवास, व्हाइसरॉयनं बसवून दिलेला तो टेलिफोन, मग झाडाखाली डबा. (परतीच्या वाटेवर गोरसपाक. सहलीचं खरं आकर्षण ते.) तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की 'प्रयोग' हा शब्द गांधीजी नुसता आत्मचरित्राच्या नावापुरता वापरत नव्हते. १९२९ मध्ये साबरमतीला त्यांनी कच्चं अन्न खाण्याचा प्रयोग केला, सोबत्यांनाही घेतलं, वजनं टिपली, 'यंग इंडिया'त छापली. मग पोट बिघडलं, आमांश झाला. प्रयोग सोडला आणि सोडला हेही छापलं. पुढे वर्ध्यात मगनवाडीला असताना, १९३५ मध्ये, सोयाबीन झालं, कच्च्या पालेभाज्या झाल्या. १९३६ च्या एप्रिलअखेर ते शेगावला राहायला गेले, म्हणजे आजच्या सेवाग्रामला. प्रयोग तिथंही चालूच राहिले. त्यांच्या रक्तदाबाचे आकडेसुद्धा नोंदलेले आहेत. १९ फेब्रुवारी १९४० चा आकडा २२०/११०. आज कुणाचा एवढा आला तर लोक गाडी काढतील.

फसलेला प्रयोग आकड्यांसकट छापायचा, हे मला भारी वाटतं. आपल्याकडे फसलेल्या रिलीजची मेल किती गोल गोल लिहितात ते तुम्हाला माहीत आहेच. पण या सगळ्या प्रयोगांत एक अडचण होती. ताटात काय वाढलंय हे खाणाऱ्याला दिसत होतं, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून वाढलंय हेही ठाऊक होतं. बापूंनी सांगितलेलं सोयाबीन खाऊन 'आज काही खास बरं वाटलं नाही' असं म्हणायला आश्रमात किती जण धजावले असतील?

हीच अडचण एका फ्रेंच प्राध्यापकाला आली होती, आणि तीही थेट हॉर्मोनच्या बाबतीत. शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हा आपल्या काळातला मोठा शरीरशास्त्रज्ञ. वय ७२. १ जून १८८९ ला पॅरिसमध्ये भर सभेत त्यानं सांगितलं की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतलाय आणि मी पुन्हा तरुण झालोय. नुसतं सांगितलं नाही, मोजून आणलं होतं. हाताची ताकद यंत्रावर सहासात किलोनं वाढली. प्रयोगशाळेत तासन्‌तास उभं राहता यायला लागलं. जिने चढता यायला लागले. इतकंच काय, लघवीची धार किती लांब जाते तेसुद्धा मोजलं होतं, तीही वाढली होती. (डेटा गोळा करायचा तर असा.) तेव्हा 'हॉर्मोन' हा शब्दही नव्हता, तो स्टार्लिंगनं १९०५ मध्ये आणला. पुढे २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही डॉक्टरांनी ब्राउन-सेकारच्या कृतीनं तो अर्क पुन्हा बनवला आणि तपासला. त्यात पुरुष-हॉर्मोन निघालं, पण परिणाम व्हायला जेवढं लागतं त्यापेक्षा हजारो पटींनी कमी. म्हणजे प्राध्यापकसाहेब जिने चढले ते निव्वळ आशेच्या जोरावर.

त्यांचं मोजमाप खोटं नव्हतं, बरं का. जिने खरोखर चढले असणार. पण सुई टोचणारा, आशा धरणारा आणि आकडा लिहून घेणारा, तिघं एकच होते.

म्हणून मी ठरवलं की माझ्या प्रयोगात या तिघांना वेगळं करायचं. टोचणारा दुसरा हवा. घरात दुसरा म्हणजे बाबा.

बाबा रेल्वेत होते. मालगाडीचे लोको पायलट, नागपूर डिव्हिजन. आमच्या लहानपणी त्यांना ड्रायव्हरच म्हणत. चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. माझी दोन वर्षांची नाइट शिफ्ट म्हणजे त्यांच्यापुढे पोरखेळ, कारण त्यांची ३४ वर्षं. आणि त्यात शिफ्ट अशी नाहीच. आज रात्री अकराला साइन ऑन, परवा पहाटे तीनला, मग दुपारी दोनला. मी लहान असताना कॉल बॉय सायकलवरून यायचा, अंधारात कडी वाजवायचा, रजिस्टरवर सही घ्यायचा. आई स्टोव्ह पेटवायची. बाबांची बॅग भरलेलीच असायची. मोबाइल आल्यावर सायकल गेली, पण झोपेतून उठणं राहिलंच. प्रत्येक ड्युटीची नोंद त्यांनी खिशातल्या छोट्या डायरीत ठेवली आहे. गाडी, इंजिन नंबर, साइन ऑन, साइन ऑफ. किलोमीटर भत्त्याचा हिशेब ऑफिसकडून चुकला तर भांडायला पुरावा हवा म्हणून. ३४ वर्षांच्या ३४ डायऱ्या, कपाटाच्या वरच्या फळीवर. त्यांत कधी झोपले ही नोंद मात्र कुठेच नाही.

अशा माणसाच्या हाती सीलबंद कागद दिला तर तो फुटत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

प्रयोगाची रचना अशी. पहिले १४ दिवस काहीच घ्यायचं नाही, फक्त मोजायचं. झोप किती वाजता लागली हे कसं कळणार, हा पहिला प्रश्न. मनगटावरचे पट्टे निपचित पडलेल्या माणसालाही झोपलेला धरतात. मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. दर तीन मिनिटांनी फोनमधून बारीक 'टिक' आवाज, जागा असेन तर अंगठ्यानं बटण दाबायचं. ज्या टिकला उत्तर आलं नाही ती झोपेची वेळ. पुढच्या तीन टिकांनाही उत्तर नसलं की प्रोग्राम आपोआप बंद. या १४ रात्रींची सरासरी आली ६८ मिनिटं.

मग तीन आठवडे उघड चाचणी, तीही मुद्दाम. ३ मिलिग्रामची साधी गोळी, दिवा बंद करायच्या अर्धा तास आधी. सरासरी ६८ वरून ३१ मिनिटांवर! निम्म्याहून कमी. स्वप्नं मात्र विचित्र पडली. एकात सर्व्हरच्या खोलीत म्हशी बांधल्या होत्या. पुण्याच्या रूममेटला आकडे पाठवले तर त्याचं उत्तर, "बोल्लो ना." इथं थांबलो असतो तर हा लेख दोन परिच्छेदांचा झाला असता आणि खाली तुम्ही गोळीचं नाव विचारलं असतं.

पण खरी मजा पुढच्या ४० रात्रींत होती. मेडिकल स्टोअरमधून रिकाम्या कॅप्सूल आणल्या. बाबांनी वीस कॅप्सूलमध्ये एकेक गोळी कुटून भरली आणि वीसमध्ये पिठीसाखर. दिसायला, वजनाला जवळपास सारख्या. दोन दोन रात्रींची एक जोडी करायची, बाबांनी नाणं उडवायचं. छापा पडला तर पहिल्या रात्री गोळी आणि दुसऱ्या रात्री साखर, काटा पडला तर उलट. जोड्या का? कारण हे वर्धा आहे. फेब्रुवारीत रात्री पांघरूण लागतं आणि मार्च संपता संपता कूलर काढावा लागतो. आधी वीस रात्री गोळी आणि मग वीस रात्री साखर असं केलं असतं तर मी औषध मोजलं असतं की ऊन, हे कुणालाच कळलं नसतं. जोडीतल्या दोन्ही रात्रींना हवा साधारण एकच मिळते.

बाबांनी हे काम ड्युटीसारखं घेतलं. रात्री बरोबर बाराला जिन्यात पावलं वाजायची, वाटीत एक कॅप्सूल, पाण्याचा ग्लास, आणि चेहऱ्यावर सिग्नलच्या खांबाएवढेही भाव नाहीत. नाण्याचा निकाल त्यांच्या डायरीत. मी सकाळी माझ्या फाइलमध्ये एक अंदाज लिहायचो, काल काय होतं ते. एकदोनदा चहाच्या वेळी खडा टाकून बघितला.

"बाबा, काल गोळी होती ना?"

"तुले सांगतलं तर मग प्रयोग काय राह्यला?"

आई मधूनच म्हणायची, "बाप सांगून नाही राह्यला अन् पोरगा झोपून नाही राह्यला. काय घर आहे बापा!"

चाळीसाव्या रात्रीनंतर, रविवारी सकाळी, पोहे खाता खाता डायरी उघडली. गोळीच्या रात्री सरासरी ३३ मिनिटं. साखरेच्या रात्री ४२.

नऊ मिनिटं! उघड चाचणीत गोळीनं ३७ मिनिटं वाचवली असं दिसत होतं. त्यातली नऊ गोळीच्या नावावर आणि बाकीची कशाच्या? रोज ठरल्या वेळी दिवा बंद करण्याच्या, अर्धा तास आधी लॅपटॉप मिटण्याच्या, आपण काहीतरी करतोय या समाधानाच्या. शिवाय आपण असले प्रयोग सुरू करतो तेच मुळात हालत अगदी वाईट असताना. तिथून पुढचे दिवस काहीही न करता जरा बरेच जाणार असतात, संख्याशास्त्रात त्याला सरासरीकडे परतणं म्हणतात. माझे अंदाज ४० पैकी २४ बरोबर आले. डोळे मिटून ठोकले असते तर साधारण २० आलेच असते.

बरं, नऊ मिनिटं तरी पक्की का? २० जोड्यांपैकी १३ मध्ये गोळीची रात्र जिंकली, ७ मध्ये साखरेची. नाणं वीस वेळा उडवलं तर १३ किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. म्हणजे ही नऊ मिनिटं निव्वळ नशिबाचीही असू शकतात. याच विषयावरच्या १९ चाचण्या, मिळून १६८३ माणसं, एकत्र करून २०१३ मध्ये हिशेब मांडला गेला होता. त्यात झोप लागायचा वेळ साधारण सात मिनिटांनी कमी झाला होता. माझा आकडा त्याच्या शेजारीच बसतो. सात मिनिटं म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. पण सात मिनिटांसाठी मेडिकलच्या काउंटरवर कोण जाईल?

आणि गोळीत तरी ३ मिलिग्राम होतं का? कॅनडात २०१७ मध्ये ३१ उत्पादनं तपासली, तर छापलेल्या आकड्याच्या तुलनेत ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन निघालं. वर आठ उत्पादनांत सेरोटोनिन सापडलं, ते वेगळंच. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ चघळायच्या गोळ्या तपासल्या, त्यातल्या २२ ची लेबलं चुकीची. मी सगळ्या प्रयोगभर एकाच बॅचच्या स्ट्रिप वापरल्या, एवढंच माझ्या हातात होतं.

आता तो उंदीर आठवा. मेलाटोनिन झोप आणत नाही, रात्र झाल्याची बातमी देतं. मग ती बातमी झोपायच्या अर्धा तास आधी देऊन काय उपयोग? तेव्हा शरीराला स्वतःलाच ती कळत आलेली असते. ज्याचं घड्याळ मागे पडलंय त्याला ती चारपाच तास आधी द्यायला हवी, आणि थोडीशीच पुरते, असं या विषयातली मंडळी सांगतात. शिवाय घड्याळ पुढे ओढणारी दुसरी दोरी म्हणजे सकाळचा उजेड. ती गोळीपेक्षा मोठी. घरात ट्यूबलाइटखाली दोनतीनशे लक्स मिळतो, बाहेर सकाळी ऊन चढलं की दहा हजारांच्या पुढे. वर्ध्याला सूर्य पुण्यापेक्षा साधारण १९ मिनिटं आधी उगवतो, नुसत्या रेखांशाचा हिशेब धरला तरी. ही सोय मी आजवर पडदा लावून वाया घालवत होतो असं आई म्हणते. मी त्यावर काही म्हणत नाही.

म्हणून पुढचे २८ दिवस पाव गोळी, रात्री आठला, आणि सकाळी उठल्या उठल्या हनुमान टेकडी. पहिले आठ दिवस हाल झाले. नंतर झोपेची वेळ दर आठवड्याला थोडी थोडी अलीकडे सरकत गेली. सुरुवातीला सव्वाला लागायची, चौथ्या आठवड्यात पावणेबाराच्या आसपास. शेवटचे १४ दिवस गोळी बंद करून नुसती टेकडी ठेवली, तरी पाच मिनिटांपलीकडे फरक पडला नाही. आता यात गोळीचा वाटा किती आणि टेकडीचा किती, ते माझ्या फाइलवरून सांगता येत नाही. टेकडी कॅप्सूलमध्ये भरता येत नाही ना.

माझं काम झालं होतं. स्टँडअपला कॅमेरा चालू करायला लागलो. फाइल बंद करणार तेवढ्यात बाबा वर आले. हातात डायरी नव्हती.

"त्या उरल्या गोळ्या मले दे."

बाबा रात्री नऊला झोपतात आणि अडीचला उठतात. रिटायर झाल्यापासून रोज. उठून अंगणात खुर्ची टाकून बसतात. आमच्या घरापासून लाइन लांब नाही, रात्री सेवाग्राम स्टेशनकडे जाणाऱ्या मालगाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. कोणती गाडी लोडेड आहे आणि कोणती रिकामी, हे ते नुसत्या आवाजावरून सांगतात. घरातल्या सगळ्यांना वाटायचं, इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. त्यांनी ४० रात्री मला कॅप्सूल आणून दिल्या, माझा आलेख खाली येताना बघितला. मागितल्या तर यात काय चुकलं? आणि नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं? ज्या माणसानं माझा प्रयोग प्रामाणिकपणे चालवला त्याला सांगायचं, तुम्हाला नाही?

पण फाइल माझी होती. तिच्यातल्या ११७ ओळी एका माणसाच्या, वय २८, घड्याळ मागे पडलेलं. बाबांचं घड्याळ पुढे पळतंय. त्यांना संध्याकाळी 'रात्र झाली' ही बातमी द्यायची म्हणजे अडीचचे दोन करायचे. सकाळची टेकडीही त्यांच्यासाठी उलटीच. उजेडात फिरायचंच तर त्यांनी संध्याकाळी फिरावं. एकाच घरात, वरच्या खोलीत जे बरोबर ते खालच्या खोलीत चुकीचं. शिवाय ते रक्तदाबाची गोळी घेतात. निफेडिपिन नावाच्या रक्तदाबाच्या औषधावर असलेल्या लोकांना मेलाटोनिन दिलं तर रक्तदाब वाढला, असा २००० सालचा एक अभ्यास मी वाचला होता. बाबांची गोळी वेगळी आहे पण त्याच कुळातली. मी हे सगळं त्यांना कागदावर रेघ काढून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग डॉक्टरले विचारू."

डॉक्टरांनी मेलाटोनिनबद्दल अर्धं मिनिट ऐकलं. माझी फाइल बघितली नाही. (प्रिंट काढून नेली होती. असो.) त्यांनी बाबांनाही काही विचारलं नाही. आईकडे वळले.

"घोरतात?"

"हो तर."

"घोरता घोरता मधेच थांबतात का?"

आई गप्प झाली. मग म्हणाली, "थांबतात. आउटरले गाडी थांबते तसे. मग एकदम जोरात श्वास घेतात. मी जागीच असते."

किती वर्षांपासून, तर तिला आठवेना. रिटायरमेंटच्या आधीपासून असेल. तिला वाटायचं, थकून येतात म्हणून.

नागपूरला एक रात्र झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, बोटाला तारा. तासाला सरासरी २८ वेळा श्वास थांबत किंवा अडखळत होता. स्लीप अ‍ॅप्निया, मध्यम, पण तीव्रच्या उंबरठ्यावर. पंधरापर्यंत सौम्य, तिसाच्या पुढे तीव्र, अशी ती पट्टी आहे. श्वास अडला की ऑक्सिजन खाली येतो, शरीर दचकून अर्धवट जागं होतं, रक्तदाब उसळतो, पुन्हा झोप. रात्रभर हेच. दोन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात का येत नव्हता, त्याचंही निदान एक कारण हेच असावं असं डॉक्टर म्हणाले. माझ्या ११७ ओळींत यातलं एक अक्षर नव्हतं. आईला मात्र सगळं माहीत होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

रिपोर्ट घेऊन परतताना बाबा गाडीत बुटीबोरीपर्यंत बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, रात्रपाळीत सोबतचा असिस्टंट कधी कधी सांगायचा, साहेब, आता डुलकी लागली होती तुम्हाला. मी त्याच्यावर चिडायचो. पुढे पुन्हा गप्प. ५८ वाघिणींची कोळशाची गाडी मागे असताना इंजिनच्या खिडकीशी बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी नजर रस्त्यावर ठेवली.

आता पलंगाशेजारी मशीन आहे. नाकावर मास्क, नळीतून हवेचा दाब. पहिल्या आठवड्यात रोज रात्री दोनच्या सुमारास ते मास्क काढून फेकायचे. मास्कचं माप बदललं, आता चार, कधी साडेचार तास टिकतो. मशीनमध्ये कार्ड आहे, सगळं आपोआप नोंदतं. दाब, गळती, किती वेळा श्वास अडला, सगळं. मी त्याचा आलेख काढून देतो म्हणालो. बाबा नको म्हणाले. त्यांनी कपाटाच्या फळीवरून एक कोरी डायरी काढली आहे, कधीतरी युनियननं दिलेली, आणि स्वतःच लिहितात. परवा ती टेबलावर उघडी होती.

साइन ऑन २१.२०. साइन ऑफ ०३.१०. मास्क ०१.४५ ला काढला, ०२.०५ ला परत. एक लोडेड, नागपूरकडे. त्याखाली आईच्या अक्षरात: घोरले नाहीत.